चितेगावचा फोन

औरंगपुऱ्यातल्या कापडदुकानाच्या वर इलियासभाई एकटेच कॉम्प्युटरच्या जावा भाषेत प्रोग्राम लिहीत बसतात. बायको नजमाभाभी अल्लाला प्यारी झाली, ऑफिसातली पोरं पुण्याला पळाली. घरात बोलायला माणूस नाय. एक फोन मात्र हमखास यायचा, चितेगावच्या कंपनीत वजनकाटा सांभाळणाऱ्या कडुबाचा.

काटा शून्य दाखवतोय, अशी त्याची तक्रार. मग तार सुटली की फाईल अडकली हे शोधता शोधता कपाशी, लेकीचं सासर, सगळं बोलून व्हायचं. इलियासभाईंचा दिवस त्यावर सुखात जायचा.

आता त्या शून्याची गंमत ऐका. वजन वाचायचा इंटरफेस, म्हणजे प्रोग्रामच्या भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा साचा, इलियासभाईंनीच बांधलेला, अन् त्यात चूक वर कळवायची सोयच नव्हती. म्हणून लॅम्डात, म्हणजे त्या साच्यात बसवायच्या छोट्या कोडात, काट्याची फाईल वाचायची म्हटलं की कोड तपासणारा कंपायलर अडून बसायचा, चूक झाली तर इथंच निस्तरा म्हणायचा. तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी काय करावं? चूक झेलणारा कॅच लावला, त्यात काहीच लिहिलं नाय, अन् शून्य पाठवून दिलं. चूक जागच्या जागी गडप!

कंपनीच्या साहेबांचा निरोप आला, हे खोटं शून्य थांबवा. एका ओळीचं काम होतं, जुन्या इंटरफेसवर थ्रोज, म्हणजे चूक वर फेकायची मुभा, लिहायचं. पण मग ज्या ज्या कंपनीचा कोड त्याला हाक मारून वजन मागतो, तिथं तिथं प्रोग्राम तयार व्हायचाच अडला असता अन् सगळीकडून फोन आले असते. इलियासभाईंना मोह झाला. ओळ लिहून ते फोनकडे बघत बसले. एकटेपण लई वाईट हो, भल्या माणसाला असलं सुचवतं.

शेवटी ती ओळ त्यांनी पुसली. जुन्याला हात न लावता शेजारी थ्रोजवाला नवा इंटरफेस लिहिला, अन् दोघांना जोडणारा छोटा कोड. आता चूक कारणासकट वर यायची. तार सुटली तर पडद्यावर तसंच लिहून यायचं. कुणाचं काही मोडलं नाय.

अन् कडुबाचा फोन यायचा बंद झाला.

एका जुम्म्याला नमाज पढून आल्यावर त्यांनीच कडुबाला फोन लावला. काय बिघडलं का भाई, त्यानं घाबरून विचारलं.

सगळं चालूय, इलियासभाई सवयीनं म्हणाले. मग खरं ते बोलले. "घरात करमत नाय रे."

"सुटलेली तार मला तेव्हाही दिसायची की, भाई," कडुबा म्हणाला. "आता फोन करायला निमित्तच राहिलं नाय."