मधुअण्णाचा शेवटचा निरोप

मधुअण्णा गेल्याची बातमी मला प्लायवूडच्या भिंतीतून कळली. प्रवरेकाठच्या बेलापूरच्या पेठेत आमचं वडिलांच्या वेळचं भांड्यांचं दुकान आहे. वाटणी झाली तेव्हा त्याच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. अलीकडे मी, पलीकडे माझा धाकटा भाऊ श्रीरंग. त्या दिवशी सकाळी शटर वर करून मी उदबत्ती लावत होतो, तेवढ्यात पलीकडे त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "आरं देवा... कवा?" नंतर माझा फोन वाजला. मधुअण्णाच्या बायकोचा, नलूवहिनींचा. झोपेतच गेला म्हणाल्या. आधी फोन श्रीरंगला केला, मग मला, हे मी तशातही मनात टिपून ठेवलं. माझा स्वभावच तसला. दोघांनी आपापली शटरं ओढली आणि एकाच घराकडे निघालो, तो रस्त्याच्या त्या कडेनं, मी ह्या कडेनं.

मधुअण्णा आमचा थोरला चुलतभाऊ. सगळी नोकरी त्यानं परदेशात, एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सचिवालयात काढली. गावात सचिवालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राही. तो सुट्टीवर आला की कोणी पोराच्या बदलीचं काम घेऊन येई, कोणी विहिरीच्या मंजुरीचं. मग तो हसून समजावी, "आरं, ते न्हवं हे. देश येत्यात, भांडत्यात, जात्यात. खोली उघडायची, नावाच्या पाट्या मांडायच्या, कोन काय म्हनलं ते धड जपायचं, पुढच्या बैठकीची तयारी करायची, ती आमी." मला हे कधीच पटलं नाही. एवढा शिकलेला माणूस विमानानं जाऊन पाट्या मांडतो? एक तर हा तिथं शिपाई असणार आणि लपवतोय, नाहीतर फार मोठा साहेब असणार आणि लपवतोय. लपवतोय एवढं नक्की. टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय पातेलं घ्यायचं नाही, हे वडिलांनी शिकवलं होतं. मी माणसांनाही टिचक्या मारत आलो.

निवृत्त होऊन तो कायमचा गावी आला तेव्हा मारुतीच्या पारापाशी मांडव घालून त्याचा सत्कार केला. नारळ, शाल, फेटा, सगळं रीतसर. तो बोलायला उभा राहिला आणि बरंच बोलला, पण काय बोलला ते खाली बसलेल्या एकालाही सांगता आलं नसतं. 'असंही एक मत होतं, तसंही एक मत होतं', हेच फिरून फिरून. शेवटी गावातल्या एका निवृत्त फौजीनं अभिमानानं विचारलं, "आपल्या देशाचं काय काम आडलं तर तुमी आतून जोर लावत आसाल की!" झालं, मधुअण्णानं तिथंही घोळ घातला. म्हणाला, "न्हाई. तिथं मी भारताचा नव्हतो. कामावर घेतानाच शपथ असती. कुठल्याच सरकारचं ऐकायचं न्हाई, आपल्याचंसुदिक." फौजी उठून गेला तो पुन्हा त्याच्या दारात आला नाही. घरी जाताना मी म्हणालो, "अण्णा, व्हय म्हनला असतास तर काय बिघडलं असतं?" तर म्हणे, "दुसऱ्या देशाचा मानूस माझ्याम्होरं मन मोकळं करायचा, ते त्या शपथेच्या भरवशावर. ती काय मांडवात मोडायची?" उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय आणखी बळावला.

असा माणूस आम्हा दोघा भावांच्या मध्ये पडला. आमचं भांडण तसं एका वाक्याचं. वाटणीच्या दिवशी तांब्या-पितळेचं वजन चाललं होतं. काटा माझ्या हातात होता. चारचौघांत श्रीरंग म्हणाला, "दादाच्या काट्यावर माझा इश्वास न्हाई." मी जगावर संशय घेणारा, पण माझ्यावर कोणी घ्यावा, तोही ज्याला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्यानं... त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. वडिलांचं वर्षश्राद्धसुद्धा दोन घरांत झालं. मधुअण्णानं एकदाही 'मिटवा रे' म्हटलं नाही. तो नुसता येऊ लागला. माझ्याकडे अर्धा कप चहा घ्यायचा, मग श्रीरंगकडे अर्धा कप. साखरेचं पथ्य होतं त्याला, म्हणून एका कपाची दोन घरांत वाटणी. माझी बायको भरून द्यायची तर तो निम्मा बशीत ओतून परत करायचा. मला राग यायचा. म्हणजे आमच्याकडे पोट भरायचं नाही असं ठरवूनच आलाय!

जाताना विचारायचा, "तिकडं काय सांगू?" मी काही सांगितलं तर ते तो माझ्यासमोर एकदा म्हणून दाखवायचा, माझ्याच शब्दांत, शिवीसकट. त्याच्या सचिवालयातली रीत होती ती. दोन देश एका खोलीत बसायला तयार नसले की त्यांना दोन खोल्या द्यायच्या आणि मधल्या बोळातून सचिवालयातल्या माणसानं निरोप न्यायचे. निरोपात स्वतःचं मीठ घालायचं नाही, की तिखट काढायचं नाही. मी एकदा त्याला पकडायचं ठरवलं. चहा देता देता सहज म्हणालो, "अण्णा, दुकान इकायला काढतोय. नगरची पार्टी हाय." साफ खोटं होतं. आता हे पलीकडे गेलं की श्रीरंग तडफडत बाहेर येणार, आणि मधुअण्णा कोणाचा माणूस आहे ते उघडं पडणार. आठवडा गेला. श्रीरंग आपला शांतपणे स्टीलचे डबे पुसतोय. मग मला दुसराच संशय, की हा निरोप नेतच नाही, फुकटचा चहा पितो. तसं तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "बबन, ते तू मला सांगितलंस. तिकडं सांग म्हनला नव्हतास." वर हेही म्हणाला, की दुकान विकायचं नसताना विकतोय असं सांगणारे त्यानं पुष्कळ पाहिलेत, सुटाबुटातले. माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. मी त्याला विचारलं, "तू कदीच कुनाच्या नावावर आपल्या मनाचं सांगितलं न्हाईस? एकदाबी?" त्यावर तो चष्मा पुसत बसला.

मग श्रीरंगच्या सायलीचं लग्न ठरलं, राहात्याच्या मुलाशी. ही पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. भांडण झालं तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर रस्त्यात दिसली की मान खाली घालून जायची आणि ती वळणाआड होईपर्यंत मी बघत राहायचो. तिच्या लग्नात आपण नसणार, मांडवाच्या बाजूनं जाणाऱ्या परक्या माणसासारखी वाजंत्री ऐकणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना. पण बोलावल्याशिवाय जायचं कसं? मी मधुअण्णाला म्हणालो, "सांग त्याला. मी यावं असं वाटत आसंल तर त्यानं सोताच्या तोंडानं बोलवावं." त्यानं ते म्हणून दाखवलं आणि विचारलं, "हितकंच?" मी म्हणालो, "हितकंच." जिभेवर आणखी बरंच होतं, ते मी गिळलं. त्यानं मात्र जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी तो पेठेत दिसला. हातात मेथीची जुडी. मला म्हणाला, "निरोप हाय. उद्या येतो." माझा जीव वर-खाली झाला. "काय म्हनला? आता सांग की." तर म्हणे, "रस्त्यात न्हाई. बसून सांगायचं बसूनच सांगावं." त्याच्या चेहऱ्यावरून हो की नाही काही कळेना. जन्मभर चेहरा कोरा ठेवायचा पगार घेतलेला माणूस! त्या रात्री तो गेला.

लोक रडत होते आणि मी त्याच्या उशाशी उभा राहून मनातल्या मनात त्याच्यावर चिडत होतो. सगळं घेऊन गेलास की रे... वहिनींना काय विचारणार? त्यांना तो घरातसुद्धा काही सांगत नसे. श्रीरंगला विचारावं तर विचारायचा रस्ताच मधुअण्णा होता. प्लायवूडपलीकडून खोकला ऐकू आला तरी मी अर्थ लावत बसे. आणि खरं सांगू? मला नुसता निरोप नको होता. मला तो हवा होता, समोरच्या खुर्चीत, काही न सांगता बसलेला. एवढा संशय मी ज्याच्यावर घेतला तेवढा भरवसाही दुसऱ्या कोणावर टाकला नव्हता. हे त्याला कधी सांगितलं नाही.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर भाऊबंद केस काढायला बसले. तिथं वयाप्रमाणे रांग असते, कोणाचं चालत नाही. माझ्या शेजारी श्रीरंग आला. दोघांच्या माना खाली, डोक्यावर वस्तरा. इतक्या वर्षांत इतके जवळ आम्ही बसलो नव्हतो, आणि एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं हे बरंच होतं. पाण्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "दादा, मधुअण्णा म्हनला, तू म्हनलास की पोर माझीबी हाय, मी येनार."

मी असं म्हणालो नव्हतो. मनात होतं ते हेच, शब्दन् शब्द, पण गिळलेलं. म्हणजे ज्यानं कधी कोणाच्या निरोपात मीठ घातलं नाही त्यानं जाता जाता घातलं. नाहीतर मधुअण्णा काहीच बोलला नव्हता, आणि हा श्रीरंगच मेलेल्या माणसाच्या तोंडी घालून बोलत होता, कारण त्यालाही दुसरी वाट उरली नव्हती. दोघांतला कोणीतरी खोटं बोलत होता. एक साधा प्रश्न, 'कवा म्हनला? कुठं बसून?', आणि मी आतबाहेर सगळं काढलं असतं. तेवढा मी पक्का आहे. प्रश्न ओठांवर आलाही होता...

"व्हय," मी म्हणालो. "म्हनलो हुतो."

श्रीरंगनं झटकन मान वर केली तसा न्हावी ओरडला, "आवो, हलू नका, वस्तरा हाय!" त्यानं पुन्हा मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मंग वहिनीला घिऊन जोडीनं हळदीलाच ये. लग्नाला काय, पाव्हनेबी येत्यात."