वाजणारा जोड
कोऱ्या कातड्याचा वास आला की मला अजून घाम फुटतो. वडील वहाणा मुद्दाम करकर वाजणाऱ्या करून घेत; ती करकर आली की लहानपणी मी आईमागं लपायचो. ते गेल्यावर महिन्याभरानं भर दुपारी अंगणात तीच करकर आली, आणि दोन पोरांचा बाप असलेला मी आईमागं लपलो. दारात विट्याच्या बंद पडलेल्या चप्पल कारखान्यातला म्हातारा कारागीर होता. "आबा हायत का? त्यांचा जोड घालून मऊ करत आलोय. शेवटचाच हाय कारखान्याचा." आबा वारल्याचं मी कसंबसं सांगितलं. तो वहाणा काढायला वाकला, तशी आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या पायात. आणिक एक फेरी मारा." ती डोळे मिटून बसली आणि करकर दाराशी आली तशी पदर सावरून उठली. हे सांगताना मी आजही दाराकडं पाठ करत नाही.