खाडाखोड नसलेलं पान

माझं अक्षर चांगलं आहे, एवढ्या एकाच कारणावरून मी लोणावळ्यातल्या आमच्या वाचनालयाचा कार्यवाह झालो. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात हेडक्लार्क होतो. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले, चहा घेतला आणि आधीच्या कार्यवाहांनी लिहिलेली इतिवृत्ताची वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. पानोपानी काटछाट, समासात बाण, वरून चिकटवलेल्या चिठ्ठ्या. मी तोंड वाकडं केलं. अध्यक्षांना तेवढंच हवं होतं.

आमचं कार्यकारी मंडळ अकरा जणांचं, पण ते कागदावर. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमुळे गावात रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून सभा बुधवारी दुपारी चारला ठेवलेली असे. चारला गणसंख्या कधी भरली असेल तर मला आठवत नाही. मग अध्यक्ष नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करत आणि साडेचारला तीच सभा त्याच जागी पुन्हा सुरू होई. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. मधल्या अर्ध्या तासात बाकीचे चहा पीत, कोणाच्या बंगल्याचं हॉटेल झालं याची चौकशी करत.

मी त्या अर्ध्या तासात सभेचं इतिवृत्त लिहून टाकायचो. सभा व्हायच्या आधीच. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, मला तर मुळीच नाही. विषय ठरलेले, ठराव ठरलेले, सूचक-अनुमोदकही ठरलेले. सभा संपली की जागेवरच सह्या होत. नाहीतर एकेका सहीसाठी भांगरवाडीपासून वलवणपर्यंत पायपीट करावी लागते. प्रत्येक ठरावाखाली मी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहायचो. आठ वर्षांत माझ्या वहीत एकही खाडाखोड झाली नव्हती. सरकारी तपासणीला आलेले एक साहेब ती वही बघून म्हणाले होते की असं दप्तर हल्ली बघायला मिळत नाही. ते वाक्य मी घरी इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी बायकोने हात जोडले.

मंडळावर सर्वांत जुने सभासद म्हणजे आबा. राहणारे तिकोणा पेठेचे, भातशेतीवाले, घरचं बऱ्यापैकी. मिळेल त्या एसटीने नाहीतर जीपने येत, आणि चाराची सभा असली तरी साडेतीनला हजर असत. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. वाचता येत नाही तर वाचनालयात कशाला येता, असं कोणीतरी एकदा चेष्टेत म्हणालं होतं. आबा म्हणाले होते, येतो ते ऐकायला. सहीची वेळ आली की मी त्यांचं बोट धरून कागदावर नेत नसे, ते त्यांना आवडायचं नाही. मी माझं बोट ओळीवर ठेवायचो, ते चाचपून माझं बोट शोधायचे आणि त्याच्या शेजारी सही करायचे. सही सरळ यायची. आमच्या दोघांचं ते ठरून गेलं होतं.

वाडीतली पुस्तकांची पेटी आबांनीच सुरू करवलेली. पेठेच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या लोकांना लोणावळ्याला येऊन पुस्तक बदलून न्यायला जमणं शक्य नव्हतं. मी कार्यवाह व्हायच्या आधी आबांनी मंडळाच्या मागे लागून एक हिरवी पत्र्याची ट्रंक भरून पुस्तकं वाडीत ठेवायला लावली. तिकोणा किल्ल्याच्या वाटेवर चहा-पोह्यांची टपरी चालवणाऱ्या एका बाईंच्या घरी ती पेटी असे. बाई सातवी शिकलेल्या. कोणी कोणतं पुस्तक नेलं ते त्या एका शाळेच्या वहीत लिहीत. तीन-चार महिन्यांनी पुस्तकं बदलून जात. वाडीत आबांना मान होता तो जमिनीमुळे नव्हता; जमिनीवरून उलट पेठ आणि वाडी यांच्यात जुनी कुरबुर होती. मान होता तो पेटीमुळे.

त्या वर्षी तपासणी जवळ आली तशी अध्यक्षांनी पेटीचा विषय काढला. तपासणीच्या दिवशी दप्तरी जेवढी पुस्तकं, तेवढी कपाटात दिसायला हवीत. वाडीतली पुस्तकं कोणाकोणाच्या घरी असणार, ती मोजून कशी दाखवणार? वाचनालयाचा वर्ग खाली आला तर सरकारी अनुदान घटेल, सगळंच अडचणीत येईल. म्हणून पेटी परत आणावी आणि ती योजना बंद करावी. मला ते पटलं होतं. आजही मी म्हणणार नाही की त्या बोलण्यात तथ्य नव्हतं.

बुधवारी नेहमीप्रमाणे सभा तहकूब झाली आणि मी नेहमीप्रमाणे इतिवृत्त लिहिलं. विषय क्रमांक चार: वाडी येथील पुस्तकपेटी योजना बंद करणे, सर्वानुमते मंजूर. पान फार देखणं झालं होतं. शेवटची ओळ बरोबर पानाच्या तळाला संपली, सह्यांपुरती जागा सोडून.

साडेचारला आम्ही पाच जण होतो. चौथा विषय आला तेव्हा आबांनी हात वर केला. ते कधी सभेत हात वर करत नसत. त्यांनी सांगितलं की पेटी काढू नका, तपासणीपुरती खाली आणा आणि मग परत पाठवा. वाडीतल्या पोरी त्या पुस्तकांवर वाचायला शिकल्यात. अध्यक्षांनी समजावलं, एकदा आणली की परत पाठवायचं कोण बघणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आबा माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "सेक्रेटरी, माझं न्हाई हाय. तसं लिव."

मी बरं म्हणालो. पेन हातात होतं. 'सर्वानुमते' एका रेघेने खोडून वर 'बहुमताने' लिहायचं आणि आबांचा विरोध समासात नोंदवायचा, एवढंच काम होतं. पण त्या पानाकडे बघून माझा हात उचलला गेला नाही. तपासणीच्या तोंडावर, आठ वर्षांतली पहिली खाडाखोड. मी स्वतःला सांगितलं की ठराव तर होणारच आहे, एका शब्दाने काय फरक पडतो.

सह्या सुरू झाल्या. वही आबांपुढे आली तेव्हा त्यांनी सही करायच्या आधी विचारलं, "काय लिवलंय ते वाच बघू."

त्यांनी मला असं कधीच विचारलं नव्हतं. मी वही जवळ ओढली आणि वाचलं. पुस्तकपेटी योजना बंद करण्याचा ठराव बहुमताने मंजूर, तिकोणा पेठेच्या सभासदांनी ठरावास विरोध दर्शवला, तो नोंदवण्यात येत आहे. कागदावर यातलं काही नव्हतं. आवाज अडखळलाही नाही; अशी वाक्यं माझ्या जिभेवर बसलेली आहेत. अध्यक्ष शेजारीच होते. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उचलला.

आबा म्हणाले, बरं झालं. मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ते चाचपून शोधलं आणि शेजारी सही केली.

तपासणी चांगली झाली. वही पुन्हा एकदा वाखाणली गेली. त्या दिवशी मी घरी काही सांगितलं नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुपारी त्या टपरीवाल्या बाई वाचनालयात आल्या. पेटी आम्ही तपासणीआधीच टेम्पो पाठवून आणवली होती. राहिलेली काही पुस्तकं घरोघरून गोळा करून त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. वर त्यांची ती शाळेची वही. सगळं टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. वाडीत लोक म्हणत होते की पेटी आबांनीच काढून नेली. देताना नाव मिळवलं, आता नको झालं. आबा सांगत होते की मी सभेत नाही म्हणालो, वहीत तसं लिहिलेलं आहे. वाडीतली माणसं म्हणाली, मग ती वही कोणीतरी डोळ्यांनी बघून यावं.

"आबांचं तितं काय लिवलंय, त्येवढं मला वाचू द्या भाऊ," त्या म्हणाल्या.

वही कपाटात कुलपात आहे, अध्यक्षांची परवानगी लागेल, असं काहीही सांगता आलं असतं. पण वही टेबलावर उघडीच होती. मी पान काढून दिलं. त्यांनी प्रत्येक शब्दाखाली बोट धरून विषय क्रमांक चार वाचला. मग बोट खाली नेत सह्यांपर्यंत आल्या. आबांची सही ठळक आणि सरळ होती, कोणालाही ओळखता आली असती.

"सर्वानुमते म्हंजे समदे व्हय म्हनले, आसंच ना?"

मी मान हलवली.

"मंग आबा खोटं बोललं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. आपलीच काही चूक झाल्यासारख्या. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली आणि त्या निघून गेल्या.

वाचनकक्षात चार-पाच लोक पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर बोलायला नको, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. मी भ्यालो. ऐंशीच्या घरातला एक आंधळा माणूस माझ्यामुळे गावात खोटा ठरला आणि मी त्याची सही उन्हात वाळत घातल्यासारखी उघडी ठेवून गप्प बसलो. एवढी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

पुढच्या सभेला आबा आले नाहीत. गेली कित्येक वर्षं त्यांनी सभा चुकवली नव्हती. प्रत्येक सभेचा पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कोणी वाचत नाही, कायम मात्र होतं. त्या दिवशी अर्ध्या तासात मी काहीच लिहिलं नाही. साडेचारला उभा राहिलो आणि मागचं इतिवृत्त सगळं मोठ्याने वाचलं. चौथ्या विषयाशी थांबून म्हणालो की हे खोटं आहे, हे मी लिहिलं आणि आबांना दुसरंच वाचून दाखवलं.

 मग अध्यक्षांनी हळू आवाजात सांगितलं की तपासणी होऊन गेली, ठराव तसाही झालाच असता, आता वही खराब करून कोणाचं भलं होणार. ते काही वाईट माणूस नाहीत. त्यांनाही हे संपवायचंच होतं. मी त्यांच्यासमोरच 'सर्वानुमते' शब्दावर रेघ मारली. वर 'बहुमताने' लिहिलं. समासात जागा पुरेना म्हणून अक्षर बारीक करत गेलो: आबांनी विरोध नोंदवण्यास सांगितले होते, कार्यवाहांनी तो नोंदवला नाही, नोंदवल्याचे खोटे वाचून दाखवले. पान अगदी माझ्या आधीच्या कार्यवाहांच्या पानासारखं दिसायला लागलं. अध्यक्षांनी दुरुस्तीशेजारी सही केली, बाकीच्यांनीही. पेटी पुन्हा पाठवायचा विषय मी मांडला, तो पुढच्या सभेवर गेला. अजून तो पुढच्याच सभेवर आहे.

दप्तर कार्यालयाबाहेर नेऊ नये असा नियम आहे, आणि तो मीच सगळ्यांना ऐकवत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत घालून मी तिकोणा पेठेला गेलो. भाताची झोडणी चालू होती. आधी वर टपरीपाशी गेलो. आडवार होता, शनिवार-रविवारसारखं गिऱ्हाईक नव्हतं. बाईंना सगळं सांगितलं, काही न वगळता. त्यांनी ऐकून घेतलं, स्टोव्ह विझवला, जावेला हाक मारून टपरीवर बसवलं आणि त्या माझ्यापुढे वाट उतरायला लागल्या. 

आबा ओट्यावर बसले होते. मी आल्याचं आवाजावरून कळलं तेव्हा त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं. बरोबर कोण आहे ते बाईंनी स्वतःच सांगितलं. मी वही उघडली आणि खोडलेल्या शब्दापासून समासातल्या शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. या वेळी आवाज अडखळला. वाचून झाल्यावर त्यांची माफी मागितली.

आबांनी हात पुढे करून वहीचं पान चाचपलं. मग त्यांनी विचारलं, "आता ह्ये तरी लिवल्यालं हाय का?"

 हो म्हटलं असतं तर ते त्या दिवशीच्या वाचण्याएवढंच खरं वाटलं असतं. मी वही दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.

"तिला दे," आबा म्हणाले.

बाईंनी वही मांडीवर घेतली. माझं बारीक अक्षर त्यांना लागायला वेळ लागला. शब्द जोडत, मध्ये थांबत, एखादा शब्द पुन्हा घेत त्यांनी सगळं वाचलं. 'खोटे वाचून दाखवले' हे शब्द आले तेव्हा त्या माझ्याकडे बघायला थांबल्या नाहीत, तशाच पुढे गेल्या. शेवटी मान वर करून म्हणाल्या, "हाय आबा. लिवलंय. वाडीत मी सांगते."

आबांनी मान हलवली आणि पेन मागितलं. दुरुस्तीशेजारी त्यांची सही राहिली होती. मी सवयीने पुढे झालो, वाकलो आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांचा हात चाचपत आला, माझ्या बोटाला लागला आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो उचलला.

"तू न्हाई," ते म्हणाले. "तिला ठिवू दे."

मी बोट काढून घेतलं. बाईंनी त्याच जागी आपलं बोट ठेवलं, आबांनी ते शोधलं आणि शेजारी सही केली. शाई वाळेपर्यंत वही बाईंच्या मांडीवरच उघडी होती.