मशीनवरचा बॅले

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी हे गाव लागतं. तिथे टिपणिसांच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी नाचाचा वर्ग भरायचा. तो घेणाऱ्या ऋजुता टिपणीसला सगळं गाव टीचरच म्हणायचं. आसपासच्या शाळांची गॅदरिंगं तिच्यावाचून पार पडत नसत. कोणाला कोळीनृत्य हवं असे, कोणाला बॅले. बॅले म्हणजे आपला शाळेतला बॅले: मागे टेप केलेलं निवेदन, पुढे स्टेजभर पोरं आणि क्रेप कागदाची पानंफुलं. पात्रं वाटताना ऋजुता मुद्दाम उलटं करायची. वर्गातला सगळ्यांत जाडा मुलगा फुलपाखरू, सगळ्यांत किरकोळ पोरगी हत्ती. आधी कुरकुरणारे पालक गॅदरिंगच्या दिवशी हसून हसून खुर्चीवरून घसरायचे. आणि तो जाडा मुलगा पुढे वर्षभर शाळेत छाती काढून फिरायचा.

पंचेचाळिशी गाठता गाठता तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. वर्ग बंद पडला. आठवड्यातून तीन दिवस पेणला जाऊन डायलिसिसच्या मशीनला हात जोडून पडायचं, एवढंच उरलं. नवरा पुष्कर धाटावच्या एका कंपनीत होता. त्यानं रात्रपाळ्या मागून घेतल्या. सकाळी पाळीवरून यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि तिला गाडीत घालून निघायचा. जवळच्या रस्त्यावरच्या खिंडीतल्या वळणांनी तिला मळमळायचं, म्हणून तो कोलाडवरून हायवे धरी. खांबच्या फाट्यावर मारुती उभा असायचा, त्याला मागच्या सीटवर घ्यायचे. फाट्यामागच्या वाडीतला माणूस, खडी फोडायच्या कामावर असताना त्याच्याही किडन्या गेलेल्या, अंगानं अगदी काडी. पहिल्यांदा पुष्करनंच त्याला रस्त्यावर धापा टाकताना पाहून गाडी थांबवली होती. पुढे ते दर खेपेचंच झालं. मारुती गाडीत बसला तरी अंग चोरून बसायचा, सीटला पाठ टेकायचा नाही.

मशीनच्या खोलीत पाच खाटा होत्या. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे. सुया टोचलेला हात हलवायचा नाही, त्यामुळे माणसं छताकडे बघत पडून राहत. सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे तहान. दिवसाला मोजकंच पाणी. धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर उभा जन्म घालवलेला महिपती शेजारच्या खाटेवर होता. त्याचं पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. एके दिवशी तो टेक्निशियनच्या मागे लागला, "जितेश, एक घोट दे रं. पाण्यात जन्म गेला माझा, आणि आता घोटाला महाग झालो."

"दादा, नाय जमायचं," जितेश म्हणाला.

महिपतीचा आवाज चढायला लागला. शेवटच्या खाटेवरची बाई रडायला लागली. ऋजुता नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "महिपतीदादा, मी एक बॅले बसवतेय. अर्धा पेला पाणी असं नाव आहे. तुम्हाला थेंब केलंय."

"कोनाला? मला?"

"तुम्हालाच. शेवटच्या प्रवेशात वरून पडायचं. अगदी अलगद, चवड्यांवर."

महिपतीनं आपल्या पोटाकडे बघितलं. "टीचर, मी अलगद पडलो तर खालच्या मजल्यावरचं मेडिकल बंद होईल."

आधी जितेश हसला. मग रडणारी बाई हसली. ऋजुताला स्वतःलाच नवल वाटलं. किती महिन्यांनी तिनं कोणाला पात्र वाटलं होतं.

तेव्हापासून दर खेपेला नवा बॅले निघायला लागला. एक होता पेणच्या गणपतींचा: सगळ्या मूर्ती टेम्पोत चढून बसतात आणि उंदीर तेवढा खाली राहतो. उंदीर अर्थात जितेश. त्यानं पूर्ण अंकभर टेम्पोमागे धावायचं. महिन्यातून एकदा दर्शन देणारे मोठे डॉक्टर म्हणजे चंद्र. ते आले की सगळ्यांनी पडल्या पडल्या मान वळवून बघायचं, बोलायचं काही नाही. हायवेच्या बॅलेत पुष्कर डायव्हर्जनची पाटी होता, आणि तो ज्या बाजूला वाकेल तिकडे मुख्य नायिका खड्ड्यात पडे. पुष्कर बाहेरच्या बाकावर झोप काढत बसलेला असे. घरी आल्यावर ती त्याला सांगे, तेव्हा तो म्हणे, "पाटीला निदान झोपायला मिळतं गं."

मारुतीला काय करावं, हे तिला बरेच दिवस सुचलं नाही. तो हसायचा नाही, भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. मग एकदा तिनं येष्टीच्या स्टँडचा बॅले काढला. सगळा गाव गाडीची वाट बघतोय. म्हातारे वाट बघत नाचतात, कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन नाचतात, कंडक्टरसुद्धा वाट बघतो.

"आणि येष्टी म्हणजे मारुती," ती म्हणाली. "त्यानं आत विंगेत उभं राहून नुसता हॉर्न वाजवायचा. शेवटपर्यंत स्टेजवर यायचं नाही."

मारुतीनं मान वळवली. "ताय, म्हंजे मी येतच नाय?"

"येतच नाहीस. तेच तर मुख्य काम."

तो असा हसला की मशीनचा अलार्म वाजला आणि जितेशला धावत यावं लागलं. त्या दिवशी परतताना मारुती पहिल्यांदा सीटला टेकून बसला. खांबला उतरल्यावर त्यानं तोंडानं हॉर्न वाजवून दाखवला.

गणपती झाले आणि मशीनच्या सुया टोचायला ऋजुताच्या हातात केलेली शिरांची जोडणी बंद पडली. तिच्यावर बोट ठेवलं की थरथर लागायची, ती एका सकाळी लागेना. पुष्करनं तिला तसंच पनवेलला नेलं. गळ्यात नळी घातली, दुसऱ्या हातावर शस्त्रक्रिया झाली, ताप आला. सात-आठ दिवस दोघं तिथल्या वॉर्डात होते. तिला शुद्ध होती तेव्हा ती तापाचा विचार करत होती, पुष्कर डॉक्टरांचा आणि रजेचा. खांबच्या फाट्याची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही.

पेणला परत गेली तेव्हा मारुतीच्या खाटेवरची चादर काढलेली होती.

"दोन खेपा आला नाही," जितेश म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "मी फोन लावला, बंद लागत होता. नंतर समजलं. छातीत पाणी भरलं, टीचर. गाडी मिळेपर्यंत..."

त्या दिवशी कोणी बॅले मागितला नाही. ऋजुता छताकडे बघत पडली होती आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. तिचंच होतं ते. येतच नाहीस, तेच तर मुख्य काम. ती स्वतःला समजावत होती की थट्टेनं कोणी मरत नाही. ते तिला पटतही होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं काहीतरी उभं होतं, आणि तिकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

परतताना खांबला तिनं गाडी थांबवायला लावली. दोघं वाडीत चालत गेले. मारुतीची बायको पारी दारात सुकट निवडत बसली होती. तिनं दोघांना ओळखलं, आधी कधी भेट झाली नव्हती तरी.

"बसा, ताय," ती म्हणाली. स्वतः उठली नाही.

पुष्कर काहीबाही बोलला, वाईट झालं, समजलंच नाही. पारी ऐकत होती. मग ती ऋजुताकडे वळली. "तुमचं त्ये बॅले घरी घेऊन यायचा. सांच्याला पोरं जमायची दारात. माज्या सासूला कोंबडा केलेला त्यानं. आनि सरपंचाला नळ. म्हनायचा, नळ हाय पन पानी कदी येत नाय."

ऋजुताला हसू फुटलं आणि तिचं तिलाच ते नको झालं. "आणि तुम्हाला काय केलं होतं?"

"मला डायवर. मोप लांबची यष्टी, म्हनायचा, पारी बसल्याबिगर हलायची नाय."

पारीनं सुपातलं सुकट झटकलं.

"तुमच्या गाडीची वाट बघली त्यानं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दोन खेपा. उजाडतानाच फाट्यावर जाऊन बसायचा. मी म्हनलं, दुसऱ्या गाडीला हात दाव. तर म्हनला, नाय गो, येतील. आज नवीन बॅले हाय. दुपार झाली का परत यायचा. दुसऱ्या खेपेला त्याला चालवत नव्हतं, पोरांनी उचलून आनला."

"आम्ही पनवेलला होतो," पुष्कर म्हणाला. "हिचाच हात अचानक—"

"राहू दे, पुष्कर," ऋजुता म्हणाली.

"व्हय," पारी म्हणाली, "तुमचंबी दुखनंच की ताय. तुमाला दोष देऊन मी काय करू? पन एक फोन करायचा व्हता. आमचा बंद असला तर फाट्यावरच्या दुकानात तरी. त्यानं तुमालाच धरून ठेवलं व्हतं."

पारीनं चहा विचारला. ऋजुताच्या वाट्याचं दिवसाचं पाणी संपलं होतं म्हणून ती नको म्हणाली, आणि ते नको म्हणणं किती वाईट दिसलं हे तिला पायवाटेनं परत येताना उमगलं.

पुढच्या खेपेपासून पुष्करनं न विचारता खिंडीचा रस्ता धरला; त्या वाटेवर खांब लागत नाही. वळणावळणांवर ऋजुता पिशवी तोंडाशी धरून बसे. पण कोलाडवरून जाऊ, असं तीही कधी म्हणाली नाही.

ऋजुताच्या दुसऱ्या हातातली जोडणी चालू झाली, त्या सुमारास मारुतीच्या खाटेवर सरू नावाची बाई आली, वडखळच्या नाक्यावर भाजी विकणारी. पहिल्या दिवशी सुई बघून तिनं हंबरडा फोडला, नंतर डोक्यावरून पदर ओढून घेतला तो काढलाच नाही. महिपतीला ते बघवेना.

"टीचर, हिला काय करायचं?"

ऋजुतानं मान भिंतीकडे वळवली.

"बरेच दिस झाले. एक बॅले काढा की."

"माझ्यानं नाही होत, दादा."

"मंग मीच करतो." महिपतीनं घसा साफ केला. "बॅलेचं नाव, खाडी. सरू खेकडा. तिरकं तिरकं चालायचं."

कोणी हसलं नाही. पदराआडून हुंदका आला. महिपती ओशाळला, त्यानं जितेशकडे बघितलं, जितेश मशीनकडे बघत राहिला.

"खेकडा नको," ऋजुता म्हणाली. इतक्या दिवसांनी तिचा शिकवतानाचा आवाज निघाला होता. "अशी पात्रं वाटतात का? माणूस कोण, कुठलं, ते आधी बघायला नको?" मग ती मान जमेल तेवढी वळवून म्हणाली, "सरू, तू इथे येतेस कशी?"

पदर जरासा सरकला. "भाऊ सोडतो रिक्षानं."

"आणि तो नसला की?"

सरूला प्रश्न कळला नसावा.

"नसला की मला फोन करायचा. वडखळ आमच्या वाटेवर आहे. आणि आम्ही येणार नसलो तर मी तुला करीन, आदल्या दिवशी. जितेश, माझा नंबर तिच्या फोनमध्ये घाल, आत्ताच."

जितेशनं नंबर घातला आणि रिंग देऊन बघितली. ऋजुताच्या पायाशी ठेवलेल्या पर्समध्ये फोन वाजला. बराच वेळ वाजत राहिला. तिचा हात सुयांना जखडलेला होता, तिला तो बंद करता येत नव्हता.

"मंग माझ्या खाडीत खेकडा कोन?" महिपतीनं विचारलं.

"तुम्हीच व्हा," ती म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली.