बैलांनी ओढून नेलेली मोटर

नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बहुतेकांचे तपशील विसरलो. ही एक घटना मात्र विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. यातली माणसं आज हयात नाहीत, तरी नावं देत नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसांत, ग्वाल्हेर शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या कोतवालीत फौजदार होतो. वैशाखातल्या एका सकाळी एका सरदार घराण्याचे कारभारी फिर्याद घेऊन आले. थोरले सरदार वारून दोन वर्षं झाली होती आणि दौलत पुतण्याकडे आली होती. शहरालगतच्या मुरारमधल्या त्यांच्या बंगल्यात पेंढ्याच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी मोटर नाहीशी झाली होती. विलायती, उघड्या टपाची, मोठ्या पितळी दिव्यांची. पुतण्याला ती मोडीत काढायची होती. लढाईमुळे पितळेला भाव आला होता. गाडी न्यायला माणसं गेली तेव्हा शेड रिकामी.

मी रपट लिहून घेतली आणि खबऱ्यांना निरोप धाडले. चौथ्या दिवशी पडाव भागातला एक टांगेवाला आला.

"साहब, लॉरीवाल्यांच्या अड्ड्यामागे पत्र्याची शेड आहे. आत एक पुरानी मोटर आहे. मालक कामावरून आला की रोज तिला पुसतो. चालवत कधी नाही, बस पुसतो."

तासाभरात आम्ही तिथे पोचलो. मोटर तीच होती. मालक म्हणजे एक लॉरी ड्रायव्हर, पन्नाशीला टेकलेला मराठा गडी. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. आणि मुख्य गोष्ट अशी की, सतरा वर्षं तो याच सरदारांकडे ड्रायव्हर होता आणि सुरुवातीची काही वर्षं हीच मोटर चालवत होता. नव्या मोटारी आल्या, ही मागे पडली; पुढे सरदार वारले आणि पुतण्याने त्याला काढून टाकलं. शेड माहीत असलेला, काढून टाकलेला नोकर. मला वाटलं, गुन्हा उलगडला.

पंचनामा केला. चाकांत हवा नव्हती. बॉनेटवर एक लाल डाग होता. 'लाल रंगाचा डाग, वाळलेला' एवढंच मी लिहवून घेतलं.

कोतवालीत त्याला समोर बसवलं.

"मोटर कुठून आणलीस?"

"खरीदली, साहेब."

"कोणाकडून?"

"ते नाही सांगणार."

"कागद?"

"कागद नाही घेतला."

"मग चोरलीस म्हण."

त्याने मान वर केली. "साहेब, बारा वर्षं झाली मला तिच्यावरून उतरवून. तेव्हापासून एकच मनात होतं, की कधीतरी ही आपली असावी. मला वाटलं, केव्हाच मोडीत गेली असेल. फाल्गुनात मुरारला लॉरी घेऊन गेलो, तर बंगल्याच्या मागचं दार उघडं होतं आणि पेंढ्यातून दिवा दिसला. खूप वेळ उभाच राहिलो. जे होतं ते सगळं विकून खरीदली आहे. चोरी नाही केली."

"विकली कोणी, एवढं सांग आणि घरी जा."

"शब्द दिला आहे."

दोन दिवस हेच चाललं. त्याची बायको सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन यायची आणि फाटकाशी बसून राहायची. तिला विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी मला पण नाही सांगितलं." वरून रोज विचारणा होत होती, सरदारांचं प्रकरण होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला कोर्टात साक्षीला जायचं होतं. निघताना मी हवालदाराला म्हणालो, "मी येईपर्यंत बोलता करा त्याला."

या तीन शब्दांचा अर्थ आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होता. मलाही होता.

संध्याकाळी परतलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर होता आणि मनगट कोपराइतकं सुजलं होतं. हवालदार म्हणाला, "साहब, मानला नाही. एक नाव नाही काढलं." मी हाडवैद्याला बोलावलं. रोजनामच्यात 'आरोपी पायरीवरून घसरून पडला' असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतर मी मोटरीपाशी गेलो. तिथे उभं राहिल्यावर जे सुचलं, ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. चाकांत हवा नाही, पेट्रोल रेशनवर. मग ही मुरारहून पडावापर्यंत आली कशी? ओढूनच आणली असणार, आणि तीही दिवसाढवळ्या, रहदारीतून. चोर असं करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरारच्या बाजारात बैल भाड्याने देणारा सापडला. तो काही लपवत नव्हता; त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"हां हुजूर, मेरे ही बैल थे। कोठी की बूढ़ी बाई बाहर आईं। नौकरानी से मोटर को कुंकू लगवाया, बैलों को अपने हाथ से गुड़ खिलाया। फिर बोलीं, ले जाओ।"

थोरल्या सरदारांच्या विधवा त्या बंगल्यात एकट्या राहत. मी गेलो. पडद्याआडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ड्रायव्हरांनी माझं नाव घेतलं?"

"नाही, बाईसाहेब."

"मारलंत त्यांना?"

मी जबाबाची वही उघडली. मग मोलकरणीच्या हाती एक कागद बाहेर आला. मोटर आपल्या पत्नीला दिल्याचं थोरल्या सरदारांच्या हातचं, मोहोर केलेलं पत्र होतं ते.

"गाडी माझी होती. मी विकली," त्या म्हणाल्या. "मुलगी सासरी क्षयाने अंथरुणाला खिळली आहे. पुतण्या तिच्यासाठी काही द्यायला तयार नव्हता. त्याला कळलं असतं, तर ते पैसेही काढून घेतले असते आणि मलाही इथून हलवलं असतं. म्हणून त्यांना म्हटलं, कोणाला सांगू नका. एवढं होईल असं वाटलं नव्हतं हो. लिहा माझा जबाब."

मी जबाब लिहिला. आरोपी सुटला. त्या जबाबाची किंमत बाईसाहेबांनी भरली; महिन्याभरात पुतण्याने बंगला बंद केला आणि त्यांना भावाच्या गावी धाडलं. मुलगी पावसाळ्यापूर्वीच गेल्याचं कानावर आलं.

मोटर कोर्टाच्या हुकुमाने परत करायची होती. ड्रायव्हर ती न्यायला आला तो हात गळ्यात बांधून. डाव्या हातात पेट्रोलचा लहानसा डबा होता. चाकांत हवा त्याने आधीच भरून घेतली होती. इंजिन उघडून तो एका हाताने तासभर खटपट करत राहिला. कोणाला मदतीला येऊ दिलं नाही. शेवटी हँडल मारायची वेळ आली, तेव्हा उभाच राहिला.

"मी मारतो," मी म्हणालो.

तो गाडीत जाऊन बसला. सात-आठ वेळा हँडल मारल्यावर इंजिन धडधडलं. कोतवालीतली सगळी माणसं बाहेर आली. त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला. क्षणभर तो हसला.

त्या जुन्या गाड्यांचा गिअरचा दांडा बाहेरच्या अंगाला, उजव्या हाताशी असे. त्याने गळ्यातून हात काढला आणि दांडा धरला. बोटं मिटेनात. डावा हात वळवून आणून पाहिला, तोही पुरेना. दोन-तीनदा प्रयत्न केला. मग इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, बैलवाल्याला बोलवा."

"तुमचा हात बरा होईल," मी म्हणालो. इतके दिवस मी त्याला एकेरी हाक मारत होतो.

"होईल," तो म्हणाला.

हाड वाकडं जुळलं. लॉरीची नोकरी गेली. वर्षभराने दौलतगंजातल्या एका भंगारवाल्याकडे मी ते पितळी दिवे पाहिले. कोणी विकले, ते विचारलं नाही.

पुढे कित्येक आरोपी माझ्यासमोर बसले. खोटं बोलणारा माणूस ओळखायला मी लवकर शिकलो होतो. शब्द पाळणारा ओळखायला त्या प्रकरणाने शिकवलं, आणि तोवर उशीर झाला होता. त्यानंतर मी 'बोलता करा' असं कोणालाही सांगितलं नाही. विचारायचं असेल ते स्वतः समोर बसून विचारलं. काही गुन्हे त्यामुळे उघडकीला आले नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही.

माझ्या बढतीच्या कागदांत या तपासाचा गौरवाने उल्लेख आहे. पायरीची नोंद रोजनामच्यात तशीच राहिली; ती दुरुस्त करायचं धैर्य मला नोकरीत असेपर्यंत झालं नाही. तो माणूस पायरीवरून पडला नव्हता. त्याचा हात माझ्या हुकुमाने मोडला.