लंकाबाईचा अंदाज

पेठरोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानापुढे बाकडं टाकलं, ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक. लोक त्यावर बसून चहा मागवतात, माझा पेपर फुकट वाचतात आणि वर माझ्याशीच भांडतात. महापालिकेची निवडणूक चार वर्षं झाली नव्हती. ती गेल्या थंडीत एकदाची लागली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं राजकारण त्या बाकड्यावर सांडलं. विषय एकच. लाल बावट्याचा भारत उभा राहिला, तर निवडून येईल का?

भारत म्हणजे आमच्या भागातल्या घंटागाडीचा ड्रायव्हर. पेठकडच्या डोंगरातला, वीस वर्षांपूर्वी कामाला म्हणून नाशकात उतरला तो इथलाच झाला. घंटागाडीवाल्यांची युनियन त्यानं उभी केली. पुढे पक्षानं त्याला शहराचा सेक्रेटरी केलं. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला नाही, नळाला गढूळ पाणी आलं, कुणा म्हातारीचं पेन्शन अडकलं, की बायका कचऱ्याची बादली हातात घेऊनच त्याला गाऱ्हाणं सांगायच्या. हा गाडी कडेला लावून फोन करायचा. फोननं नाही भागलं तर दुपारी दहा-बारा बायका घेऊन ऑफिसात ठाण मांडायचा. सत्ता कुणाचीही असो, भारत विरोधात.

कारभारी म्हणून एक रिटायर्ड कंडक्टर रोज बाकड्यावर असतात. ते म्हणायचे, "येतोच निवडून! एवढी कामं दुसरं कोण करतंय?"

मी आतून ओरडायचो, "कामं करणारा निवडून येत असता तर काय पाहिजे होतं? लाल झेंडा डोंगरात चालतो, कारभारी. इथं शहरात लोक मोर्चा बघायला गॅलरीत येतात आणि परत आत जाऊन टीव्ही लावतात."

मला भारतचा राग नव्हता. खरं म्हणजे तो मला आवडायचा. पण आवडणाऱ्या माणसानं आपटी खाल्लेली बघवत नाही, म्हणून मी आधीच त्याला पाडून मोकळा व्हायचो. असा माझा स्वभाव.

या सगळ्या आरडाओरड्यात एक बाई कधीच बोलायची नाही. ती म्हणजे लंकाबाई. आणि शेवटी सगळं तिच्या एका शब्दावर येऊन अडलं.

लंकाबाई इथल्याच मखमलाबादची. साठी उलटलेली, काटक, बोलण्यापेक्षा बघणारी. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. बिल्डिंगांच्या मधोमध तिचा वीस गुंठ्यांचा तुकडा अजून हिरवा आहे. मेथी, कोथिंबीर, शेपू काढायचा आणि बुधवारी नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात बसायचं. एकदा बाजारातून तिला आणि आणखी बऱ्याच जणींना हुसकून लावलं, तेव्हा लाल बावट्याची माणसं चार दिवस तिथं उन्हात बसली आणि बायकांना जागा परत मिळाली. तेव्हापासून ती पक्षाची. भाषण करत नाही, घोषणा देत नाही. तिचं काम भाकरीचं.

डोंगरातून मोर्चा पेठरोडनं पायी खाली उतरतो. हजारो माणसं, पायांना फोड आलेले. त्यांच्या एका वेळच्या भाकरी आमच्या भागातून जातात आणि त्या लंकाबाई गोळा करते. आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगायचं, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन यायच्या. मोर्चा पुढे गेला की प्रत्येकीचं फडकं धुऊन परत द्यायचं. तेही रिकामं नाही, आत कोथिंबिरीची नाहीतर मेथीची जुडी ठेवून. तीस वर्षं हे चाललंय. पक्षातले शिकलेले लोकही निवडणुकीच्या आधी तिला विचारायचे, "लंकाबाई, हवा काय म्हणते?" ती भाकरीवरून सांगायची. ताज्या आल्या की सकाळच्या, सोबत ठेचा आला की नुसत्याच, बाईनं उंबऱ्याबाहेर येऊन दिल्या की आतूनच "तिथं ठेवल्यात, घ्या" म्हणाली. दोनदा तिनं "नका लढू" सांगितलं होतं. दोन्ही वेळा पक्ष लढला आणि डिपॉझिट घालवून आला.

त्या डिसेंबरातल्या मोर्चाला मात्र कमाल झाली. दरवेळी एक टेम्पो भरायचा, या वेळी दोन भरले. भाकरी गरम, ठेचा, कुणी पिठलं, कुणी गूळ. ज्या घरांनी कधी दार उघडलं नव्हतं त्यांनी बोलावून दिल्या. लंकाबाईचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता.

तीनच दिवसांनी भारत दुकानात आला. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात उमेदवारीचे कागद. लंकाबाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेलीच होती.

"मावशी, कंत्राटदारानं निरोप दिलाय," तो म्हणाला. "फॉर्म भरायचा असेल तर आधी राजीनामा लिहून गाडीची चावी जमा कर. पडलास तर परत घेणार नाही. घरी दोन पोरी शिकतायत. पक्ष म्हणतो लढ. पण तू सांगशील तसं करीन."

मला वाटलं ही विचार करील. ती लगेच म्हणाली, "उभा राहा. या टायमाला लोक तुझ्यासंगं हायेत. लय हायेत."

माझं तोंड कुठलं गप्प बसतंय! "लंकाबाई, भाकरी आणि मत यात फरक आहे. त्याची नोकरी जाईल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मशीनमध्ये कागद अडकलाय का ते मी उगाचच बघायला लागलो.

"उद्या फडकी परत द्यायला जातेय," ती म्हणाली. "चला माझ्यासंगं. तुमच्याच कानानं ऐका."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी निघालो. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस त्याच्या दुसऱ्याच दिवशी होता. माझ्या दोन्ही हातांत फडक्यांच्या पिशव्या, तिच्या डोक्यावर जुड्यांची पाटी. पहिल्या दोन घरी गप्पा छान झाल्या. पोरांची चौकशी, थंडीचं बोलणं, मोर्चातल्या बायकांच्या पायांचं हळहळणं. मताचं नाव नाही. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, विचारा ना सरळ."

"भाकर घेतलेल्या दारात मत मागायचं नसतं," ती म्हणाली. "तीस वर्षांत नाय मागितलं."

"मागू नका. नुसतं विचारा. माणसाची नोकरी पणाला लागलीय."

हे मी बोललो. आज मागे बघताना मला तेच बोचतं. मी नसतो बोललो, तर तिनं विचारलं नसतं.

तिसरं घर नवसाबाईचं. वयानं लंकाबाईच्याच बरोबरीची. सगळ्यात जास्त भाकरी तिनेच दिल्या होत्या, वर शेंगदाण्याची चटणी. लंकाबाईनं फडकं तिच्या हातात दिलं, पदर सारखा केला आणि अवघडून म्हणाली, "नवसे, भारत उभा राहिला तर देशील का मत?"

नवसाबाई हसली. "त्याला कशाला उभा करतेस गं? तो तिकडं जाऊन बसला तर आमच्यासाठी भांडंल कोण?"

लंकाबाईनं डोक्यावरची पाटी सावरली.

"खरंच सांगते," नवसाबाई म्हणाली. "नगरसेवक काय, आज याचा, उद्या त्याचा. त्याच्याकडून रस्ता घ्यायचा, दिवा घ्यायचा. भारत आपला हाय. आपला माणूस बाहेरच बरा."

बोलण्यात कपट नव्हतं. माया होती, हे सगळ्यात वाईट. पुढच्या घरांत लंकाबाई विचारतच गेली. एकदा लाज मोडल्यावर तिला थांबवेना. कुणी म्हणालं, त्याचं चिन्ह आमच्या यांना चालत नाही. कुणी म्हणालं, भारत निवडून आला तरी एकटा काय करणार, सत्तेतला पाहिजे. कुणी नुसतीच जुडी हुंगून "छान आहे हो" म्हणालं. काही जणींनी "देणार, देणारच" असं हातावर हात मारून सांगितलं. दुपारपर्यंत चाळीस घरं विचारून झाली. मी मोजत होतो. चौदा घरं हो म्हणाली.

"चाळीसात चौदा," मी म्हणालो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. इतके दिवस मी हेच तर बोंबलत होतो. तिनं पाटी जमिनीवर ठेवली आणि रस्त्याच्या कडेला, कुणाच्या तरी स्कूटरला, ती टेकली.

"मी भाकरी मोजल्या," ती म्हणाली. "माणसं नाय मोजली."

भारत दुकानापाशी वाट बघत होता. फोल्डरमध्ये आता राजीनामाही होता, तीन प्रती हव्या होत्या. नवा पांढरा शर्ट घातला होता. त्याला बघून मला लंकाबाईचा हात धरून मागे न्यावंसं वाटलं. गप्प बसा, उद्या एक दिवस गप्प बसा, मग काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणावंसं वाटलं. मी दुकानाचं कुलूप उघडत राहिलो.

तिनं सगळं सांगितलं. नवसाबाईचं बोलणंही, जसंच्या तसं. आडपडदा ठेवणं तिला येतच नाही.

"राजीनामा नको देऊस," ती म्हणाली. "मी चुकले. तुझ्या पोरींच्या तोंडचा घास माझ्या शब्दावर जायला नको."

भारतनं फोल्डर बंद केलं. मग म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर ऑफिसच्या बाहेर बसून ओरडायचं? आत जायचंच नाही?"

भारतनं फोल्डर माझ्या काउंटरवर ठेवलं. "राहू दे, सोमनाथभाऊ. झेरॉक्स नको," म्हणाला आणि दुपारच्या फेरीला गेला. फोल्डर न्यायला तो परत आला नाही.

पक्षानं आमच्या प्रभागात कुणालाच उभं केलं नाही. मतदानाच्या दिवशी लंकाबाई सकाळी सातला रांगेत होती. कुणाला दिलं, मी विचारलं नाही. निकाल लागला, गुलाल उडाला, डीजे वाजला. भारतची गाडी रोजच्यासारखी येत राहिली आणि बायका बादल्या घेऊन त्याला गाऱ्हाणी सांगत राहिल्या. तो ऐकून घ्यायचा, फोन करायचा. पण पूर्वी लंकाबाईच्या दारापाशी गाडी थांबवून "मावशी, चहा ठेव" म्हणायचा, ते बंद झालं. रागानं नाही. नमस्कार करायचा, विचारपूस करायचा, पुढे जायचा. एवढंच.

निकालाच्या पाचव्या दिवशी एका पोराचे फॉर्म गुंडाळायला कागद शोधताना मी पेपरची जुनी पानं चाळत होतो. आमच्या प्रभागाचे आकडे दिसले. वेळ जावा म्हणून मोबाइलवर टक्के काढले. मतं चौघांत फुटली होती. जो निवडून आला, त्याला शंभरात अठ्ठावीस मिळाली होती.

मी पुन्हा काढले. अठ्ठावीस.

मग चाळीसात चौदा काढले. शंभरात पस्तीस.

मी पंखा लावला. थंडी होती, तरी लावला. तोंडावर हो म्हणणाऱ्या सगळ्याच मत देतात असं थोडंच आहे, ती चाळीस घरं म्हणजे आख्खा प्रभाग नव्हे, भारत उभा असता तर दुसऱ्यांनी जोर लावला असता. सगळं खरं. आठवडाभर मी स्वतःशी हेच भांडत होतो, दोन्ही बाजूंनी. चाळीसात चौदा हा आकडा ऐकून आम्ही दोघांनी तो हरलेला धरला होता. कितीला हरतात आणि कितीला जिंकतात, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तीस वर्षं पडणाऱ्या पक्षाची ती बाई आणि सगळ्यांना आधीच पाडून ठेवणारा मी.

बुधवारी बाजार आटोपून लंकाबाई आली. काउंटरवर मेथीची जुडी ठेवली. बाकड्यावर कुणी नव्हतं.

"सोमनाथभाऊ, तुम्हाला हिशेब येतो," ती म्हणाली. "मला झोप नाय. खरं सांगा. भारत उभा राहिला असता, तर आला असता का?"

"नाही," मी म्हणालो. "पडला असता."

ती जायला वळली नाही.

"मग खाली बघून का सांगता?"