लिंडा मॅडमची मारबत

हे मी सहसा कोणाला सांगत नाही. पण तुम्ही आता कप हातात घेऊन बसलाच आहात, तर ऐका आणि हसून घ्या. माझी नोकरी पक्की व्हायची वेळ आली होती, आणि ती ज्यांच्या हातात होती त्याच अमेरिकन बाईंची मी मारबत काढली. तीही त्यांच्यादेखत.

मुळात मी घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. आणि नोकरी कुठे लागली? अमेरिकेतल्या एका फर्निचर कंपनीच्या तक्रारी सांभाळणाऱ्या नागपूरच्या ऑफिसात. तिकडे कोणाच्या सोफ्याचा पाय मोडला की इकडे मी आधी माफी मागून मोकळी. आमच्यावर लक्ष ठेवायला तिकडच्या लिंडा मॅडम. रोज संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओवर हजर. मला पक्कं करायचं की नाही, हे वर्षअखेरीस त्याच सांगणार.

आता या बाईंचं सणांचं वेड काय वर्णू? फेब्रुवारीत मागच्या भिंतीवर लाल बदाम. मार्चमध्ये सगळं हिरवं, डोक्यावरची टोपीसुद्धा. मग ससे आणि रंगवलेली अंडी. जुलैत झेंडे. कानातले, स्वेटर, कॉफीचा कप, सगळं त्या त्या सणाचं. आमच्याकडे दिवाळीची माळ होळीपर्यंत खिडकीत लोंबते, आणि या बाई महिन्याला भिंत बदलतात.

घाबरट माणूस अभ्यास फार करतो. मी प्रत्येक अमेरिकन सणाला आपला एक सण जोडून ठेवला. चार जुलै म्हणजे आपला पंधरा ऑगस्ट. मेमोरियल डे म्हणजे शहिदांची आठवण, त्या दिवशी 'हॅपी' म्हणायचं नाही. ही युक्ती इतकी चालली की आमचे मॅनेजर वानखेडे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अमेरिकेचं काही असलं की हिले विचारत जा."

तिथेच माझे ग्रह फिरले.

ऑक्टोबरात मॅडमची मेल आली. हॅलोवीनला प्रत्येक टीमनं काहीतरी भीतीदायक बनवायचं आणि व्हिडिओवर दाखवायचं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"भुताखेतांचा सण आहे," मी म्हटलं. "म्हणजे आपली मारबत."

तुम्ही नागपूरचे नसाल तर सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबत काढतो, म्हणजे बांबू-कागदाचा अक्राळविक्राळ बाईचा पुतळा. वर्षभर ज्यानं ज्यानं छळलं ते सगळं तिच्यासोबत गावाबाहेर घालवायचं आणि तिला जाळून टाकायचं. 'रोगराई घेऊन जा गे मारबत', 'महागाई घेऊन जा गे मारबत', असं ओरडत.

"मंग आपल्याले कोणं छळलं वर्षभर?" प्रवीणनं विचारलं. तो माझ्या शेजारी बसतो आणि कशालाच घाबरत नाही.

उत्तर सगळ्यांना पाठ होतं. शिफ्ट संपली, बॅगा खांद्याला लागल्या, की मॅडम म्हणणार, "अजून एकच छोटंसं काम." त्या छोट्याशा कामात आमची मेट्रो निघून जायची. मी पाटी लिहिली : 'जाता जाताची कामं घेऊन जा गे मारबत'. मराठीत लिहिली. त्यांना कुठे वाचता येणार?

पुतळा मी घरीच केला, कंबरेएवढा. आता सण अमेरिकन, तर मारबतही अमेरिकन दिसायला हवी की नको? आणि मी आयुष्यात नीट पाहिलेली अमेरिकन बाई एकच. हात आपोआप चालले. पिवळ्या लोकरीचे केस. लाल फ्रेमचा चष्मा. कानात हॅलोवीनचे म्हणून कागदाचे भोपळे.

आई येता जाता थबकली. "कोण हाय वं ही? पाहिल्यासारखी वाटून राहिली."

मला तरीही कळलं नाही.

कळलं ते व्हिडिओ सुरू झाल्यावर. पडद्यावर पिवळे केस, लाल चष्मा, कानात भोपळे. माझ्या बाजूलाही पिवळे केस, लाल चष्मा, कानात भोपळे. वानखेडे सरांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"हे काय करून ठेवलं वं पोरी?" ते पुटपुटले.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ही मी आहे?"

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "थोडीशी."

"आणि पाटीवर काय लिहिलंय?"

"तुमचे आभार."

"किती गोड. सण झाला की हिचं काय करता?"

"जाळतो, मॅडम," मागून प्रवीण म्हणाला.

मी कॅमेऱ्यासमोर सरकून प्रवीणला झाकलं.

"त्याला माहीत नाही मॅडम, तो नवीन आहे," मी म्हटलं. प्रवीण आमच्यात सगळ्यात जुना. "जाळत नाही. घरी ठेवतो. वर्षभर पूजा करतो."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, पाणी. "माझ्यासाठी असं कोणीच कधी केलं नाही. मग प्रत्येक सणाला हिला सजवा, आणि मला फोटो पाठवत जा."

कॉल संपल्यावर सर मला म्हणाले, "पूजा करतो म्हणाली ना तू? आता ने घरी. कर पूजा."

मेट्रोत एका काकूंनी सरकून तिला जागा करून दिली. मी उभीच.

तेव्हापासून ती आमच्या टीव्हीशेजारी बसते. थँक्सगिव्हिंगला तिच्या मांडीवर कागदाचा टर्की पक्षी ठेवला. ख्रिसमसची लाल टोपी सीताबर्डीच्या बाजारात मिळाली, पण दुकानदार माझ्याकडे पाहून म्हणाला की हे लहान लेकराचं माप आहे, तुमच्या डोक्याला व्हायची नाही. आई वैतागली. "अख्खं नागपूर पीडा गावाबाहेर सोडून येते. तू ती तिकीट काढून घरी आणली."

डिसेंबर संपता संपता मॅडमचा अभिप्राय आला. सरांनी तो सगळ्यांसमोर वाचला. "लिटल लिंडा ही या टीमची शान आहे. मी तिला टीमची कायमची सदस्य मानते. तिला सजवणारी मुलगीही गोड आहे, पण एका प्रश्नाची तीन उत्तरं देते. तिला अजून तीन महिने पाहू."

तर त्या वर्षी आमच्या टीममध्ये एकजण पक्की झाली. होणारच. अख्ख्या कॉलभर ती एक शब्द बोलली नव्हती.